गुरुवारी सहा ते सात

‘कुंदा, तू मागे बस. रस्ता मी बघतो,’ अण्णा म्हणाले आणि मी काही बोलायच्या आत पुढच्या सीटवर चढून, पट्टा लावून बसलेसुद्धा.

ती सीट माझी होती. माझ्या नवऱ्याने, मुकुंदने, जुनं मोटरहोम विकत घेतलं त्या दिवसापासून आमची वाटणी ठरली होती. गाडी त्याने हाकायची, मुक्काम मी शोधायचा. दर वर्षी रेडिंगहून निघायचं, बोटीने फ्रान्सला उतरायचं आणि तीन आठवडे हे चाकांवरचं घर गावोगाव फिरवायचं. तिकडे बऱ्याच गावांनी असल्या गाड्यांच्या रात्रीच्या मुक्कामासाठी थांबे राखून ठेवलेले असतात. कुठे चर्चच्या मागे, कुठे नदीकाठी, कुठे दफनभूमीच्या भिंतीला लागून. पाण्याचा नळ, सांडपाणी ओतायची जाळी, चार झाडं. पण पाट्या अशा लावलेल्या, की ज्याला जागा आधीच माहीत आहे त्यालाच त्या दिसाव्यात. म्हणून थांब्यांच्या यादीचं एक जाडजूड पुस्तक मिळायचं आणि त्यात प्रत्येक थांब्याचे अक्षांश-रेखांश दिलेले असायचे. ते सॅटनॅव्हमध्ये भरायचे आणि यंत्रातली बाई सांगेल तसं वळायचं. गोष्ट दोन हजार पाच सालची आहे. फोनवर नकाशे नव्हते. काचेला चिकटवलेला तो डबा हाच आमचा वाटाड्या, आणि त्यात आकडे भरण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं.

अण्णा म्हणजे मुकुंदचे थोरले भाऊ, नऊ वर्षांनी मोठे, राहायला कराडला. नकाशे तयार करणाऱ्या सरकारी खात्यात त्यांची पस्तीस वर्षं गेली. डोंगर, ओढे, देवळांचे कळस, सगळं मोजून कागदावर उतरवलेला माणूस. घरातही ते मोजूनमापूनच बोलायचे आणि दुसऱ्याचं कुठे चुकतं ते बरोबर हेरायचे. स्वतःचं चुकलं असं त्यांनी कधी म्हटलेलं मी तरी ऐकलं नव्हतं. वहिनी लवकर गेल्या. मुलगी शलाका तेव्हा नऊ वर्षांची. तिला त्यांनी एकट्याने आणि कडक शिस्तीत वाढवलं आणि बाविसाव्या वर्षी शिकायला आमच्याकडे रेडिंगला पाठवलं. दीड वर्षात तिने कॉलेज सोडलं आणि ब्रुनो नावाच्या फ्रेंच मुलाबरोबर निघून गेली. द्राक्षांच्या मळ्यात तोडणीची कामं करायची, जुन्या व्हॅनमध्ये राहायचं, हंगाम संपला की टोळीबरोबर पुढचा मुलूख गाठायचा.

ती निघायच्या आदल्या दिवशी आमच्या घरी अण्णांचा फोन आला होता. शलाकाला त्यांनी एका वाक्यात सांगितलं, की मला मुलगी नाही. मग फोन माझ्याकडे द्यायला लावला.

‘तू बिघडवलंस तिला,’ ते म्हणाले. ‘स्वतःला मूल असतं तर कळलं असतं.’

मी फोन ठेवला. ते वाक्य मी मुकुंदलाही सांगितलं नाही आणि विसरलेही नाही. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, ते आपोआप कानात वाजायचं आणि अंगाचा तिळपापड व्हायचा. सहा वर्षं मी या माणसाचा मनापासून द्वेष केला. त्याची मला लाजही वाटत नव्हती.

शलाकाने वडिलांशी संबंध तोडले, पण माझ्याशी नाही. दोन-तीन महिन्यांनी तिचं पोस्टकार्ड यायचं. तिला पत्ता असा नव्हताच, म्हणून पत्त्याच्या जागी ती थांब्याचे आकडे लिहायची. थंडीत पंधरा दिवस आमच्याकडे येऊन राहायची, माझ्या हातचं थालीपीठ खायची, माझ्या मांडीवर डोकं ठेवून तेल लावून घ्यायची. त्या पंधरा दिवसांवर माझं वर्ष निघायचं.

मग अण्णांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर दोन महिन्यांनी त्यांचा मुकुंदला फोन आला, की एकदा शलाकाला बघायचंय. एरवी पुण्याच्या पलीकडे न गेलेला माणूस व्हिसा काढून, स्वेटर घेऊन आमच्या दारात उभा राहिला. ब्रुनोच्या आईवडिलांच्या पत्त्यावर तिची पत्रं जमा व्हायची, तिथे तिला मी पत्र लिहिलं. उत्तरादाखल हे पोस्टकार्ड आलं:

‘काकू, गुरुवारी संध्याकाळी सहा ते सात आम्ही या थांब्यावर असू. सातला टोळी निघते, स्पेनच्या बाजूला. अण्णांना यायचं असेल तर येऊ दे. मी सातपर्यंत थांबेन, पुढे नाही.’

खाली आकड्यांच्या दोन ओळी. ना फोन, ना गावाचं नाव. सहा वर्षांनी बापाला लेकीने एक तास दिला होता, आणि तो गाठायला आम्ही तिघं बाराशे किलोमीटर निघालो होतो.

गुरुवारी दुपारी अंगुलेम शहराच्या बाहेर आम्ही जेवायला थांबलो. दशमी, चटणी, दही. जेवण झाल्यावर अण्णांनी खिशातून ते पोस्टकार्ड काढलं. तीन दिवस ते त्यांच्याच खिशात होतं. त्यांनी चष्मा पुसला, आकडे आधी वहीत उतरवले, मग सॅटनॅव्ह मांडीवर घेऊन एकेक बटण दाबत भरायला लागले. पुन्हा पहिल्यापासून वाचले. पुन्हा एकदा वाचले.

‘अण्णा, एकदा मला बघू दे का?’ मी म्हटलं. ‘त्या यंत्राच्या दोन-चार खोडी आहेत.’

‘पस्तीस वर्षं हेच केलंय मी.’

‘हो, पण हे यंत्र...’

‘तू चहाचं बघ,’ ते वर न पाहता म्हणाले. ‘तुझ्या हातात दिलेल्या गोष्टी कुठे जातात, ते मी पाहिलंय.’

मुकुंद बाहेर आरसा पुसत होता. त्याने ऐकलं की नाही, कोण जाणे. ऐकलं असतं तरी तो काही बोलला नसता. भावासमोर त्याची वाचा बसते. मी थर्मासमध्ये चहा भरला, झाकण घट्ट लावलं आणि मागे टेबलापाशी जाऊन बसले.

पावणेचारला निघालो. शहराच्या वेशीवर रस्त्याला दोन फाटे फुटत होते. यंत्रातली बाई म्हणाली, डावीकडे. मुकुंदने गाडी डावीकडे घातली. दोन्ही सीटच्या मधून मला पडदा स्वच्छ दिसत होता. मी त्याच्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली आणि कप पुसायला घेतले.

‘पाच वाजता पोचतोय,’ अण्णा म्हणाले. ‘तासभर आधी. बरंच आहे. ती आली की आपण तिथे असलेलं बरं.’

‘हो ना,’ मुकुंद म्हणाला.

‘तिला कंदी पेढे आवडायचे. साताऱ्याहून आणलेत. टिकले असतील ना एवढ्या प्रवासात?’

हा प्रश्न मला होता. माझ्याशी इतक्या साध्या आवाजात ते सहा वर्षांत बोलले नव्हते. मी म्हटलं, ‘टिकले असतील.’ पुढे मी बोलले नाही. रस्ता अरुंद होत गेला, सूर्यफुलांची काळी पडलेली शेतं आली, मग अक्रोडाच्या बागा. अण्णा अधूनमधून वहीतला आकडा आणि पडद्यावरचा आकडा ताडून पाहत होते. जुळतंय, असं पुटपुटत होते.

पाचला पाच मिनिटं कमी असताना बाई म्हणाली, तुम्ही इच्छित स्थळी पोचला आहात.

समोर शेणखताचा ढीग होता. एका बाजूला अक्रोडाची झाडं, दुसऱ्या बाजूला पत्र्याची शेड, आणि रस्ता तिथेच संपत होता. ना नळ, ना पाटी, ना दुसरी गाडी.

‘पुढे असेल,’ अण्णा म्हणाले.

‘पुढे रस्ताच नाही, अण्णा,’ मुकुंद म्हणाला.

तो गाडी मागे घ्यायला लागला तोच आरशात एक ट्रॅक्टर आला. तो आमच्या मागे येऊन आडवा उभा राहिला आणि त्यावरून एक जाडजूड म्हातारा उतरला. हातात कुदळ. काठीसारखी टेकवलेली होती, पण कुदळच. तो जे बोलायला लागला त्यातलं निम्मं मला कळलं, कारण मी दोन वर्षं फ्रेंचच्या शिकवणीला जात होते. उरलेलं न कळताही समजण्यासारखं होतं.

‘काय म्हणतोय?’ अण्णांनी विचारलं.

‘म्हणतोय, तुम्ही मोटरहोमवाले डुकरं आहात. गेल्या महिन्यात एकाने इथे मुक्काम केला आणि संडासाची टाकी त्याच्या चरात ओतून गेला. म्हणतोय, आता सापडलात.’

‘त्याला सांग, हा अधिकृत थांबा आहे. आमच्याकडे लेखी आहे.’

‘अण्णा, इथे थांबा दिसतोय का तुम्हाला?’

‘आकडे बरोबर आहेत. तू सांग त्याला.’

मी सांगितलं. म्हातारा हसला आणि रस्त्यावर थुंकला. त्याच्या जमिनीवर थांबा आहे हे त्याला आजच कळतंय, असं म्हणाला. आम्ही जातो, ट्रॅक्टर बाजूला घ्या, अशी मी विनवणी केली. तो म्हणाला, आता नाही. आता तुमच्या गाडीचा नंबर सरपंचबाई लिहून घेतील, मगच. त्याने शब्द वापरला तो महापौराचा, पण तीनशे वस्तीच्या गावाचा महापौर म्हणजे आपला सरपंचच. त्याने फोन लावला आणि कुदळीवर रेलून आमच्याकडे टक लावून बघत उभा राहिला.

अण्णा खाली उतरले. पोस्टकार्ड हातात धरून त्याच्यासमोर गेले आणि चक्क मराठीत बोलायला लागले.

‘हे बघा, माझी मुलगी येणार आहे. सहा वाजता. आम्हाला तेवढं थांबू द्या. सातला आम्ही जातो.’

म्हाताऱ्याने कुदळीचा दांडा त्यांच्या छातीपाशी आडवा धरला. लावला नाही, नुसता धरला. ‘मागे व्हा,’ तो म्हणाला. हे कळायला भाषा लागत नव्हती. जिथे टाके होते, नेमका तिथेच तो दांडा होता. अण्णा मागे सरकले आणि गाडीच्या पायरीवर बसले. पहिल्यांदाच ते मला म्हातारे दिसले.

साडेपाच वाजले. पावणेसहा झाले. अण्णा दर मिनिटाला घड्याळ बघत होते आणि वाटेच्या टोकाकडे बघत होते. कुठलीही गाडी वाजली की उठून उभे राहत होते.

‘ती येईल, मुकुंद,’ ते म्हणाले. ‘ती आली की तीच नीट बोलेल या माणसाशी. तिला फ्रेंच चांगलं येत असेल ना आता?’

मुकुंदने माझ्याकडे पाहिलं. मी शेणखताकडे पाहिलं.

सहाला दहा कमी असताना सरपंचबाई आल्या. केसांना रंग लावण्याचं अर्धवट सोडून आल्या होत्या. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. आधी त्यांनी म्हाताऱ्याला चार शब्द सुनावले, मग आम्हाला. गावात मोटरहोमना बंदी आहे, वेशीवर पाटी आहे, दिसली नाही का? मी पोस्टकार्ड दाखवलं. आम्हाला इथे पाठवलंय म्हटलं. बाईंनी त्यावरचे आकडे वाचले, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाल्या, ‘यंत्र दाखवा.’

अण्णांनी सॅटनॅव्ह काढून त्यांच्या हातात दिला. बाईंनी एक बोट पोस्टकार्डावरच्या दुसऱ्या ओळीवर ठेवलं आणि दुसरं बोट पडद्यावर.

‘इथे पश्चिम लिहिलंय,’ त्या म्हणाल्या. ‘तुम्ही पूर्व भरलंय.’

लंडनजवळून निघणारी शून्य रेखांशाची रेषा खाली उतरून फ्रान्सच्या त्या भागातूनच जाते. तिच्या अलीकडे पूर्व, पलीकडे पश्चिम. यंत्रात आकड्याच्या बाजूला दिशेचं एक अक्षर असतं. ते आपोआप पूर्वेचं येतं, पश्चिम हवी असेल तर आपण बदलायचं. आपला सगळा देश त्या रेषेच्या पूर्वेला. अण्णांनी पस्तीस वर्षांत हजारो रेखांश लिहिले आणि त्यातला एकही पश्चिमेचा नव्हता. त्यांनी आकडे तीनदा तपासले. अक्षराकडे त्यांची नजर गेलीच नाही, कारण जन्मात कधी जायची वेळ आली नव्हती.

मी त्यांना ते मराठीत सांगितलं. त्यांनी पोस्टकार्ड घेतलं, पाहिलं. यंत्र घेतलं, पाहिलं. चेहऱ्यातलं रक्त उतरताना मी बघत होते.

‘म्हणजे किती लांब?’ मुकुंद ओरडला. ‘कुंदा, किती?’

‘एक्कावन्न किलोमीटर,’ मी म्हटलं. ‘या रस्त्यांनी सव्वा तास.’

अण्णांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, ‘चला. ट्रॅक्टर काढायला सांग.’

सरपंचबाईंना मी मुलीचं सांगितलं, तेव्हा त्यांनी स्वतः म्हाताऱ्याला ढकललं. तरी त्याने ट्रॅक्टर हलवायला मुद्दाम वेळ लावला. सहा वाजून गेले होते. मी अक्षर बदललं आणि यंत्र पुन्हा काचेला लावलं. अण्णांनी मला पुढची सीट दिली. न सांगता, न बोलता, ते मागे जाऊन बसले. चार दिवस मला ती सीट हवी होती. आता तिथे बसून मी रस्ता सांगत होते आणि मागे वळून बघत नव्हते.

मुकुंदने गाडी कधी नव्हे इतकी पळवली. कपाटातली भांडी आपटत होती. सव्वासात ही पोचायची वेळ पडद्यावर होती, तिची सात-दहा झाली, सात-आठ झाली.

‘थांबेल ती थोडी,’ मुकुंद म्हणत राहिला. ‘पाच-दहा मिनिटं थांबेलच.’

‘नाही थांबणार,’ मागून अण्णा म्हणाले. ‘माझी मुलगी आहे.’

मग एक रेल्वेपूल आला. कमान पावणेतीन मीटर, आमची गाडी त्याहून उंच. मुकुंदने ब्रेक दाबला आणि स्टिअरिंगवर दोन्ही मुठी आपटल्या. मागे फिरून दुसऱ्या वाटेने जाण्यात अर्धा तास गेला.

आम्ही थांब्यावर पोचलो तेव्हा आठला वीस मिनिटं कमी होती. अजून उजेड होता. द्राक्षाच्या मळ्याच्या कडेला खडी टाकलेली जागा, नळ, पॉप्लरची चार उंच झाडं. नळाखालची जमीन ओली होती. एका कोपऱ्यात डच नवराबायको खुर्च्या टाकून बसले होते. त्यांना इंग्रजी येत होतं.

‘ती भारतीय मुलगी ना?’ बाई म्हणाली. ‘पाच वाजल्यापासून त्या वळणावर उभी होती. सातला बाकीच्या व्हॅन निघाल्या. तिचा नवरा हॉर्न वाजवत होता, तरी ती हलेना. सव्वासातला निघाली.’ मग जरा थांबून तिने विचारलं, ‘तुम्ही तिचे वडील का? ती रडत होती.’

मुकुंदने हे अण्णांना सांगितलं. अण्णा चालत त्या वळणावर गेले आणि तिथे उभे राहिले. पेढ्यांचा पुडा त्यांच्या हातात होता. मग तो त्यांनी कुंपणाच्या खांबावर ठेवला, आणि काय वाटलं कोण जाणे, परत उचलून घेतला.

सकाळी मी नळावर पाणी भरायला गेले तेव्हा ते तिथे तोंड धूत होते. मुकुंद झोपला होता. त्यांनी टॉवेलने तोंड पुसलं, नीट घडी घातली.

‘तुला कधी कळलं?’ त्यांनी विचारलं.

‘काय?’

‘त्या बाईने फक्त पूर्व-पश्चिम एवढंच सांगितलं. अंतर नाही सांगितलं. तू तिथल्या तिथे एक्कावन्न म्हणालीस. तो हिशेब मला कागदावर करावा लागतो, कुंदा. या अक्षांशावर एका अंशाला किती किलोमीटर पडतात, ते आधी काढावं लागतं. तुझ्याकडे उत्तर तयार होतं. तुला आधीच कळलं होतं. कधी?’

खोटं बोलता आलं असतं. पण त्या माणसापुढे आकड्याबाबत खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

‘फाट्यावर,’ मी म्हटलं. ‘गाडी डावीकडे वळली तेव्हा. पहिल्या वर्षी मी हीच चूक केली होती. पडद्यावर पाहिलं आणि कळलं. अंतर मागे बसून मनात काढलं.’

‘पावणेचारला.’

‘हो.’

‘पावणेचारला सांगितलं असतंस तर आपण पाच वाजता इथे असतो.’

‘मी पुढच्या गावात सांगणार होते,’ मी म्हटलं. ते खरं होतं. ‘तुम्ही चुकलात हे तुम्हाला जरा कळू द्यावं, मग सांगावं. मग त्याच्या पुढच्या गावात सांगणार होते. मग तिथे पोचल्यावर. वेळ आहे, असं वाटत राहिलं. मग तो ट्रॅक्टर आला.’ मला रडू फुटलं आणि त्याचाही राग आला. ‘तुम्ही मला काय बोलला होतात ते आठवतंय तुम्हाला? फोनवर?’

‘आठवतंय.’

‘त्याचं काय?’

‘ते वाईट होतं,’ अण्णा म्हणाले. ‘पण त्याने माझ्या मुलीला तीन तास रस्त्यावर उभं केलं नाही.’

खरं म्हणजे ती सव्वादोन तास उभी होती. त्या क्षणीही मी हे मनात मोजलं. इतकी मी त्यांच्यासारखी झाले होते.

‘तिला लिही,’ ते म्हणाले. ‘अण्णा आले होते, रेखांश त्यांनी चुकीचा भरला, उशीर झाला. माझं चुकलं म्हणून लिही. तुझं काही लिहू नकोस.’

‘का?’

‘तिला आई नाही. बाप असून नसल्यासारखा. ती थंडीत तुझ्याकडे येते, ते मला मुकुंदने सांगितलंय. जायला तेवढं एक घर आहे तिला. ते मी का मोडू?’ त्यांनी बादली उचलून माझ्यापुढे ठेवली. ‘हे तुझ्यासाठी करत नाहीये मी. तुझ्या हातचं पाणीसुद्धा मला नको यापुढे.’

आणि शब्दाला जागले. रेडिंगला परत जाईपर्यंत तीन दिवस त्यांनी दुकानातली पाव-केळी खाल्ली. मुकुंदला वाटलं, पोट बिघडलंय. विमानतळावर त्यांनी भावाला मिठी मारली आणि माझ्याकडे न बघता आत गेले.

मी शलाकाला लिहिलं. अण्णांनी सांगितलं तेवढंच आणि तसंच. महिन्याने तिचं कार्ड आलं:

‘काकू, तू त्यांना पाठीशी घालू नकोस. अण्णा आणि रेखांश चुकतील? लहानपणी सहलीलासुद्धा ते आकडे तीन-तीनदा तपासायचे. त्यांना यायचं नव्हतं, ते आले नाहीत, एवढं सरळ आहे. तू वाईट वाटून घेऊ नकोस.’

तिचा विश्वास बसायला माझं एकच वाक्य पुरलं असतं. त्यांची चूक मी पाहिली होती आणि गप्प बसले होते, एवढं लिहिलं असतं तर तिला सगळं पटलं असतं, कारण असली गोष्ट कुणी मुद्दाम स्वतःच्या अंगावर घेत नाही. मी लिहायला बसले. दोनदा बसले. तिची थंडीत यायची वेळ जवळ आली होती, आणि मी तिच्या खोलीचे पडदे धुवायला काढले.

अण्णा पुढे चार वर्षं जगले. दर दिवाळीला ते शलाकाला पत्र लिहायचे आणि मुकुंदच्या पत्त्यावर पाठवायचे. ती आली की मी ते पाकीट तिच्या उशीपाशी ठेवायची. ती ते न फोडता कचऱ्यात टाकायची आणि मी एक शब्द बोलायची नाही. ते गेल्याचा फोन आला तेव्हा ती आमच्याकडेच होती. मुकुंद कराडला गेला. ती गेली नाही. ‘कशाला जाऊ?’ म्हणाली. ‘मी वाट बघत होते तेव्हा ते आले होते का?’ मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

आता तिला मुलगी आहे, चार वर्षांची. फ्रान्समध्येच घर केलंय, पत्ता असलेलं. गेल्या उन्हाळ्यात आम्ही गेलो होतो. मी अंगणात वाटाणे सोलत होते आणि शलाकाने आतून हाक मारली, ‘आई, जरा येतेस का?’ हाक ऐकून मी इकडेतिकडे पाहिलं. तिथे दुसरं कोणी नव्हतं. इतक्या वर्षांत ती मला पहिल्यांदा तसं म्हणाली होती.

मी ओ दिली.